रांजण, कासवी आणि नदीचा उतार

एका जंगलात मतांचा फार सुकाळ होता.

मुलांनो, खाऊच्या डब्यातून हात बाहेर काढा, खाणं नंतर. मतं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नसते, तरी ती आपण मोठ्याने सांगतो. त्याला मत म्हणतात. तुमच्या घरी जेवताना बाबा जे सांगतात, ते.

या जंगलात एक पाणवठा होता. संध्याकाळी सगळे प्राणी तिथे रांग लावायचे. रांगेचा एक जुना नियम होता. मत दिल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. कशावरही द्या, पण द्या. ज्याला एखादी गोष्ट विचारली आणि तो ‘मला माहीत नाही’ म्हणाला, त्याला रांगेच्या शेवटी पाठवत. शेवटच्याला गढूळ पाणी मिळे. त्यामुळे त्या जंगलात सगळ्यांना सगळं माहीत होतं.

माकडाला पोहता येत नव्हतं, पण नदीबद्दल त्याचं मत ठाम होतं. घुबडाने आयुष्यात कधी दुपार पाहिली नव्हती, तरी उन्हाळा पूर्वीसारखा राहिला नाही असं ते सांगायचं. मोराला संसार नव्हता, म्हणून पोरं कशी वाढवावीत हे तो सर्वांत छान सांगायचा.

फक्त एक जण ‘मला माहीत नाही’ म्हणायची. तिचं नाव सरूकासवी. ती राहायचीच पाण्यात, त्यामुळे तिला रांगेची फिकीर नव्हती.

सरूकासवीचं काम महत्त्वाचं होतं. पावसाळा संपून थोडे दिवस झाले की अलीकडच्या काठावरचं गवत वाळायचं. हिरवं गवत नदीपलीकडे. सगळ्यांना नदी ओलांडावी लागायची. पण नदीत पाणी असायचं, ओढ असायची, आणि दर पावसाळ्यात तळाची वाळू इकडची तिकडे व्हायची. गेल्या वर्षीचा उतार यंदा डोह झालेला असायचा.

मग प्राणी सरूकासवीला विचारायचे, “मावशी, यंदा कुठून उतरायचं?”

“मला माहीत नाही,” ती म्हणायची. “बघून सांगते. दोन दिवस द्या.”

आणि ती नदीच्या तळावरून चालायला लागायची. या काठावरून त्या काठापर्यंत. मग थोडं खाली सरकून परत. जिथे तिची पाठ पाण्यावर कोरडी राहायची, तो उतार. ती सांगायची, “जिथे माझी पाठ कोरडी, तिथे तुमची पोरं चालतील.” इतकंच. बोलणं तिला जमत नसे.

मोबदला म्हणून तिला चिंचोके मिळत. जंगलात चिंचोके हेच पैसे होते. खाता यायचे नाहीत, पण सगळ्यांना हवे असायचे.

एकदा पुरात एक मोठा रांजण वाहत आला. तो सापडला दामूअण्णा मुंगसाला. तुम्हाला वाटलं असेल कोल्ह्याला. कोल्हा बिचारा जुन्या वळणाचा, तो अजून द्राक्षांच्या धंद्यात होता. दामूअण्णाने रांजण पाणवठ्याशी गळ्यापर्यंत पुरला आणि गप्प बसला.

दोन वर्षं त्या रांजणात जंगलाची सगळी मतं पडत राहिली. काठोकाठ भरल्यावर एके दिवशी रांजण आपणहून बोलू लागला.

काय त्याचा आवाज! खोल, गार, गोड. कुणी काहीही विचारावं, रांजण पापणी लवायच्या आत उत्तर द्यायचा. त्याला पापण्या नव्हत्या, पण विचारणाऱ्याला होत्या.

“मध कधी काढावा?”

“फार सुंदर प्रश्न विचारलात, अस्वलभाऊ,” रांजण म्हणायचा. आणि मग माशांनी, माकडांनी, मोराने मधाबद्दल जे जे सांगितलं होतं ते नीट लावून सांगायचा.

एका उत्तराला पाच चिंचोके. दामूअण्णा रांजणाला टेकून बसायचा आणि घ्यायचा.

रांजणाबद्दलही मतं आलीच. “हा आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय देणार,” सुतारपक्षी म्हणाला. “आता कुणाला काम करायला नको, बसून खायचं,” अजगर म्हणाला. तो आधीपासून बसूनच खात होता. “रांजण काय, आज आहे उद्या नाही. पैसा चिंचेच्या झाडात घालावा,” खार म्हणाली. तीही मतं रांजणात पडली. उद्या कुणी रांजणाला रांजणाबद्दल विचारलं, तर सांगायची सोय झाली.

त्या वर्षी गवत लवकर वाळलं.

सोनकी नावाच्या हरणीला दहा दिवसांचं पाडस होतं. हिरवा चारा नव्हता, म्हणून तिचं दूध आटत चाललं होतं. पाडस ढुशा द्यायचं, थोडं मिळायचं, मग नुसतंच तिच्याकडे बघत राहायचं. ती घाईघाईने सरूकासवीकडे गेली.

“मावशी, कुठून उतरू?”

“माहीत नाही गं पोरी. बघून सांगते. दोन दिवस दे.”

“दोन दिवस? माझं लेकरू उपाशी आहे!”

“मग मी आत्ताच निघते,” कासवी म्हणाली आणि पाण्यात गेली.

तेवढ्यात रानडुक्कर धोंडबा तिथून चालला होता. मागे बायको, तिच्यामागे नऊ पिल्लं. “दोन दिवस कशाला थांबायचं?” तो म्हणाला. “मी आत्ताच रांजणाला विचारून आलो. जांभळीखालून उतरायचं. पाणी गुडघाभर.”

आता हे खरंच कुणीतरी म्हणालं होतं. दोन वर्षांपूर्वी गवा म्हणाला होता. गव्याचा गुडघा म्हणजे डुकराच्या पिल्लाच्या डोक्यावरून हातभर पाणी. शिवाय मध्ये दोन पावसाळे येऊन गेले होते. पण गुडघा कुणाचा, हे धोंडबाने विचारलं नाही, आणि रांजणाने सांगितलं नाही. गोड आवाजात गुडघा कुणाचाही चालतो.

धोंडबा उतरला. पिल्लं उतरली. सोनकी त्यांच्यामागे काठावर उभी होती. तिने एक पाय पाण्यात टाकला आणि समोरची पिल्लं एकदम दिसेनाशी झाली. तिने पाडसाचा कान दातात धरून त्याला मागे ओढलं.

डुकरं दोन कोस खाली जाऊन बाहेर पडली. नऊ पिल्लं पाण्यात गेली होती. सात बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी कासवी आली. तिच्या पायांची साल निघाली होती. “तीन दगडांशी उतार आहे,” ती म्हणाली. “पाठ कोरडी राहिली.” सोनकी तिथून पाडसाला घेऊन गेली. पलीकडे पोटभर चरली. तिसऱ्या दिवशी पाडस उड्या मारत होतं. मला त्या पाडसाचा आनंद अजून होतो, हे मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

सोनकी अलीकडे परतल्यावर पाणवठ्यावर सभा भरली. सोनकीला मत विचारलं. तिने मोठ्याने सांगितलं, “उतार तीन दगडांशी आहे. तिथे पाठ कोरडी राहते. मी स्वतः गेले आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला सर्वांत आधी पाणी मिळालं.

मग सगळे रांजणाकडे वळले. धोंडबा ओरडला, “माझी दोन पिल्लं गेली!”

“आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, धोंडबाअण्णा,” रांजण म्हणाला. “माझी चूक झाली. मी मनापासून क्षमा मागतो. पुढच्या वेळी याहून चांगला उतार सांगेन.”

सगळ्यांना गहिवरून आलं. “या जंगलात आजवर कुणी चूक कबूल केली आहे का?” मोर म्हणाला. धोंडबाही वितळला. त्याची बायको सारखी नदीकडे वळून बघत होती. तिला पाणी नको होतं, म्हणून तिचं मत कुणी विचारलं नाही.

“पण चूक मुळात कुणाची?” माकडाने विचारलं. “कासवीला जर आधीच माहीत असतं, तर हे घडलंच नसतं. ती तर म्हणाली, माहीत नाही!”

हे सर्वांना पटलं. ठराव झाला की कासवीने आपली विद्या रांजणाला शिकवावी. फुकट. जंगलाच्या भल्यासाठी.

कासवी मुकाट्याने आली. रांजणाच्या तोंडाशी मान नेऊन तिने आपली सगळी विद्या सांगितली. “मला माहीत नाही. बघून सांगते.” आणि ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी अस्वलाने पाच चिंचोके ठेवून विचारलं, “यंदा मध किती होईल?”

“मला माहीत नाही,” रांजण म्हणाला. “बघून सांगतो.”

खारीने विचारलं, “चिंचोके आत्ता पुरून ठेवू की खर्च करू?”

“मला माहीत नाही.”

“माझं लग्न कधी होईल?” मोराने विचारलं.

“मला माहीत नाही. बघून सांगतो.” आता बघणार कुठून, त्याला पायच नव्हते. पण तो खरं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत हाहाकार उडाला. “रांजण बिघडला! आमचे चिंचोके परत करा!” चिंचोके परत करायचं नाव निघताच दामूअण्णा हलला. त्याने रांजण उकरून वर काढला, तिरका केला, आपटला, घासला आणि ते एक वाक्य तेवढं बाहेर ओतून टाकलं. ते वाळूत जिरलं.

संध्याकाळी रांजण पुन्हा गोड बोलू लागला. जंगलाने सुटकेचा निःश्वास टाकला.

दामूअण्णा मात्र शहाणा होता. त्याने रांजणाच्या गळ्यावर एक ओळ कोरली. ‘रांजणाचं बोलणं चुकू शकतं. पाण्यात आपापल्या जबाबदारीवर उतरावं.’ ती इतकी बारीक कोरली की फक्त मुंग्यांना वाचता यावी. मुंग्यांना वाचायला वेळ नसतो.

पुन्हा पावसाळा आला. नदी भरून वाहिली, ओसरली. वाळू इकडची तिकडे झाली. गवत वाळलं.

सोनकीला नवं पाडस झालं होतं. हे आठच दिवसांचं. तिचं दूध पुन्हा आटू लागलं. ती नदीवर आली.

“मावशी, यंदा कुठून?”

सरूकासवी आता थकली होती. गेलं वर्षभर तिला कुणी चिंचोके दिले नव्हते, कारण कुणी काही विचारलंच नव्हतं. “माहीत नाही गं पोरी,” ती म्हणाली. “बघून सांगते. यंदा तीन दिवस दे. पाय उचलत नाहीत.”

“तीन दिवस!”

“तुझ्या लेकराला पाण्यात घालायचं आहे, बाई. मी अंदाजाने कसं सांगू?”

कासवी पाण्यात शिरली. सोनकी काठावर थांबली. एक तास थांबली. पाडस ढुशा देत होतं. मग ती पाणवठ्याकडे गेली.

“या वहिनी,” दामूअण्णा म्हणाला. “पाच चिंचोके.”

सोनकीने चिंचोके ठेवले. “मला कुठून उतरता येईल?”

“किती गोड लेकरू आहे तुमचं, सोनकीताई!” रांजण म्हणाला. “तुमची काळजी मी समजू शकतो. उतार तीन दगडांशी आहे. तिथे पाठ कोरडी राहते.”

सोनकीचा जीव भांड्यात पडला. “मलाही अगदी हेच वाटत होतं!” ती म्हणाली.

वाटणारच. ते तिचंच वाक्य होतं. गेल्या वर्षी तिनेच पाणवठ्यावर सांगितलेलं. आपलंच बोलणं गोड आवाजात परत आलं की ते फार खरं वाटतं. त्याला पाच चिंचोके महाग नाहीत.

सोनकी तीन दगडांशी आली. मागे पाडस. समोर पाणी हिरवंगार आणि शांत होतं. गेल्या वर्षी ते खळाळत होतं, तळाचे गोटे दिसत होते. तिला क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण मागून आणखी प्राणी येत होते. सगळे रांजणाला विचारून आले होते. सगळ्यांना घाई होती.

दूर वरच्या अंगाला, नदीच्या मधोमध, सरूकासवीने मान वर काढली. “थांब पोरी!” ती ओरडली. “मी अजून तिथे आले नाही!”

कासवाचा आवाज तो केवढा. सोनकीने पाडसाला पुढे घातलं.

पुढे काय झालं, म्हणता?

मुलांनो, मला माहीत नाही. मी गोष्ट सांगणारा माणूस. नदीवर जाऊन, बघून सांगतो. दोन दिवस द्या.

नको? आत्ताच हवं? तुम्ही चुळबुळ करताय. एक जण तर उठलासुद्धा. शेजारच्या ओसरीवर दुसरे एक काका गोष्ट सांगतात, त्यांना सगळं माहीत असतं, हे मला ठाऊक आहे.

बरं, बसा. बसा खाली. फार सुंदर प्रश्न विचारलात. सोनकी आणि तिचं पाडस सुखरूप पलीकडे गेलं. पाणी गुडघाभरच होतं. दोघं हिरव्या गवतात पोटभर चरली आणि सुखाने नांदली.

झालं समाधान? काढा आता पाच-पाच चिंचोके.

तात्पर्य : ‘मला माहीत नाही’ असं चारचौघांत कधीही म्हणू नये. त्या वाक्याने लेकरं वाचतात, हे खरं आहे. पण वाचलेल्या लेकराची आई पुढच्या वर्षी रांजणाच्याच रांगेत उभी असते, आणि आपल्या वाट्याला गढूळ पाणी येतं.