हालचाल असेल तरच उजेड

दिवे पुन्हा गेले. बाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"अरे, हात हलवा कुणीतरी!" बाई अंधारात ओरडल्या.

मागच्या बाकावर कुणीतरी मोठा आळस दिला, तेव्हा दिवे आले. पंखे आले. प्रोजेक्टर मात्र रुसल्यासारखा दहा मिनिटं मागे गेला आणि 'शाश्वत व्यवस्थापन : प्रस्तावना' इथून पुन्हा सुरू झाला. प्रस्तावनेच्या पुढे हा विषय गेला महिनाभर सरकलाच नव्हता.

व्यवस्थापन शिकवणारी ही संस्था. तिचे संचालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात पर्यावरण संचारलं. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक वर्गाच्या छताला एकेक यांत्रिक डोळा बसवला. दोन मिनिटं कुणी हललं नाही, की वर्गातली वीज बंद. दारावर पाटी लावली, 'हालचाल असेल तरच उजेड.' आता मला सांगा, शिकणारी माणसं हलतात कशाला? लिहिताना हलतं ते पेन, आणि एवढीशी हालचाल त्या डोळ्याला दिसत नव्हती. म्हणजे ज्या वर्गात मुलं मन लावून ऐकत तिथे अंधार, आणि जिथे मारामारी चाललेली तिथे लख्ख उजेड!

आणि हे करणारा माणूस बसत कुठे होता? तर स्वतःच्या खोलीत, जिथे असला डोळाबिळा काही नाही. तिथला एसी दिवसभर असा चालायचा की भर उन्हाळ्यात संचालक लोकरी जाकीट घालून बसत. बाहेरच्या दालनात प्लॅस्टिकची झाडं होती आणि ती हिरवी दिसावीत म्हणून त्यांच्यावर अष्टौप्रहर दिवे. मुलं त्यांना मागून 'हरितसम्राट' म्हणत. मी असतो तर याहून वाईट काही म्हणालो असतो.

बाईंनी तक्रार केली नव्हती असं नाही.

"सर, मुलं लक्ष द्यायला लागली की दिवे जातात."

"मग जरा हसतंखेळतं शिकवा की."

"सर, शाश्वत व्यवस्थापनाची प्रस्तावना आहे ती! त्यात हसणार काय?"

"बाई, बदलाला विरोध करणं बरं नव्हे. तेही तुम्ही? तुम्ही तर पर्यावरणाचाच विषय शिकवता!"

बाईंनी राग गिळला. गिळणारच. त्यांची नेमणूक सहा-सहा महिन्यांची. सासूबाई घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून जगाला शाश्वत काय ते शिकवते. स्वतःची नोकरी तेवढी टिकेना!" त्यात आता एका मोठ्या कंपनीची माणसं वर्ग बघायला येणार होती. त्यांना वर्ग आवडला तर ती स्वतःच्या पैशाने या विषयासाठी कायमची जागा देणार. नाही आवडला तर विषय बंद आणि बाई घरी, सासूबाईंसमोर.

पाहुणे येण्याआधी संचालकांनी वर्गाला दम भरला. "चुळबूळ चालणार नाही. पुतळ्यासारखं बसायचं. समजलं?"

"सर, पुतळ्यासारखे बसले तर दिवे..." बाई म्हणाल्या.

"बाई, आजच्या दिवशी तरी अपशकुनी बोलू नका."

बाईंनी गुपचूप तोड काढली. पहिल्या बाकावरच्या एका उंच मुलीला सांगितलं, "तू मधूनमधून केस सारखे कर. हात चांगला वर घेऊन."

पाहुणे आले. पुढे कंपनीच्या अध्यक्ष, एक वयस्क बाई, आणि मागे त्यांचे अधिकारी. संचालक 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. दोन शब्द कसले! पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात. ते टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरून बोलत होते, जसं काही ते कुणी पळवून नेणार होतं. पहिल्या बाकावरचा हात वर गेला, केस सारखे झाले, दिवे राहिले. संचालकांनी त्या मुलीकडे असं डोळे वटारून पाहिलं की तिचा हात जो मांडीवर गेला तो तिथेच थिजला. पाहुण्या अध्यक्षांचे डोळे मिटले. अधिकाऱ्यांचे तर आधीच मिटले होते. पृथ्वीवर जंगलं उगवत असताना दिवे गेले.

काळोख. खिडक्यांना जाड पडदे. पंखेसुद्धा थांबले.

"कुणी हलू नका!" संचालक गरजले.

झालं! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या मागच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. तिथवर त्या डोळ्याची नजर पोचत नव्हती.

"हलू नका? अहो, हलल्याशिवाय येणार कसे दिवे? महिनाभर घसा फोडून सांगतेय मी! इथे मुलं घामाने निथळतात आणि तुम्ही आत जाकीट घालून बसता! लाज नाही वाटत? प्लॅस्टिकच्या झाडांना रात्रंदिवस दिवे! ती काय वाढणार आहेत? दुसऱ्याचा पंखा बंद करायचा आणि स्वतः पर्यावरण वाचवलं म्हणून मिरवायचं! दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून उपास करताय तुम्ही!"

बोलत बोलत बाई अंधारातून आवाजाच्या रोखाने पुढे येत होत्या. दिवे भपकन लागले तेव्हा त्यांचं बोट संचालकांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

बाईंना कळलं, गेली नोकरी. मग आता कशाला सोडा? त्यांनी उरलेलंही सुनावलं, अगदी हातवारे करकरून. दिवे एकदाही गेले नाहीत.

आणि टाळ्या पडल्या! अध्यक्ष खडखडीत जाग्या होऊन टाळ्या वाजवत होत्या. संचालक म्हणजे नदीत ढकलले तरी कोरडे बाहेर येणारे गृहस्थ. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "तर मंडळी, हे होतं आमचं छोटंसं प्रात्यक्षिक!"

"वा! आमच्या साहेब लोकांना हेच दाखवायला हवं," अध्यक्ष म्हणाल्या. "बाई तर उत्तमच. पण सर, तुमचं काम काय वठलं हो! इतका ढोंगी साहेब, आणि कुठेही अभिनय वाटला नाही!"

बाईंची जागा कायम झाली. अट एकच, प्रत्येक तुकडीला हे प्रात्यक्षिक दाखवायचं, संचालकांसह. सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमच्या सुनेला चिडण्याचा पगार मिळतो!" बाई मात्र दुसऱ्याच दिवशी तावातावाने संचालकांच्या खोलीत शिरल्या. तिथे हुडहुडी भरत होती.

"सर, आता तरी हा एसी कमी करा. ती झाडं काढा."

"छे छे!" संचालकांनी जाकिटाची चेन वर ओढली. "बाई, ते आता अभ्यासक्रमात आहे. त्यात बदल करायचा तर विद्यापीठाची परवानगी लागेल. आणि सगळं सुधारलं तर तुम्ही चिडणार कशावर? तुमच्याच पोटावर पाय येईल."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "मग निदान तो डोळा तुमच्या खोलीतही बसवा! नियम सगळ्यांना सारखा!"

आता मात्र संचालक खरोखरच घाबरले.

"अहो बाई, असं काय करता? मी दिवसभर अंधारात बसू का?"