हिरव्या कोटातल्या सासूबाई

खाडीकाठच्या उद्यानातल्या लाकडी पुलावर चष्मेवाल्याने सहज मागे वळून पाहिलं, तर सासूबाई नव्हत्या.

मघापर्यंत होत्या. म्हणजे त्याचा तसा समज होता. "आई, कठडा धरा", "आई, फळी ओली आहे", "आई, त्या पाण्याच्या चकाकीकडे बघू नका, डोळ्यांना त्रास होईल," असं तो चालता चालता बोलत होता आणि मागून उत्तर येत नव्हतं. पण सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या प्रश्न विचारत, उत्तरं देत नसत. त्यामुळे त्या गप्प आहेत यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्याच महिन्यात सासूबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यानंतर घराबाहेर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ. बायको दवाखान्यात नर्स, तिला रजा मिळाली नव्हती. निघताना तिने दोन गोष्टी बजावल्या होत्या. "आईला एकटं सोडू नका, आणि तिच्याशी सारखं बोलत राहू नका, तिचं डोकं उठतं." दुसरी तो पुलावर पाऊल टाकताच विसरला होता. आता पहिलीही हातची गेली.

त्याने कठड्यावरून खाली पाहिलं. ओहोटीने उघडा पडलेला चिखल लांबवर पसरला होता. त्यात शेकडो खेकडे आपली एकेक मोठी नांगी वर करून खाली आणत होते. मघाशी त्याला ते गमतीचं वाटलं होतं. आता ते सगळे मिळून 'इथे बघ, इथे बघ' म्हणतायत असं त्याला वाटलं.

"आई!" तो ओरडला. पलीकडच्या झाडांतून बगळ्यांचा एक थवाच्या थवा उडाला.

तेवढ्यात रखवालदार धावत आला. "साहेब, इथे ओरडायचं नाही. पक्षी बुजतात."

"अहो, माझी सासू हरवलीय!"

"हरवू दे, पण हळू बोला."

मग चष्मेवाल्याने तीच आरोळी कुजबुजत पुन्हा मारली. रखवालदाराने मान डोलावली. "दिसायला कशा आहेत?"

"पांढरे केस. हिरवा कोट."

रखवालदाराने पुलावर इकडून तिकडे नजर फिरवली. भडक रंगांनी पक्षी बिथरतात म्हणून दारातच सगळ्यांना उद्यानाचे हिरवे कोट चढवले जात. पुलावर जे काही हलत होतं ते हिरवंच होतं.

"आणखी काही?"

"चष्मा!" चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याला हुरूप आला. "बारीक सोनेरी काडी, डाव्या काचेला नंबर जास्त, नाकाजवळची गादी मी परवाच बदललीय."

"उंची?"

चष्मेवाल्याने हात आधी खांद्यापर्यंत नेला, मग छातीपर्यंत. सासूबाई त्याच्या आठवणीत कायम खुर्चीत बसलेल्या होत्या.

रखवालदार गेला. चष्मेवाला सासूबाईंचा फोन लावत राहिला. तो बंद. त्याच्या डोळ्यांपुढे नको नको ती चित्रं येऊ लागली. चिखलात पडलेला सोनेरी काडीचा चष्मा, त्याच्याशेजारी उभा एक निर्विकार बगळा. एवढ्यात रखवालदार परत आला, आणि त्याचा हात धरून एक म्हातारी.

"सापडल्या!" रखवालदार म्हणाला.

पांढरे केस होते. हिरवा कोट होता. चष्मासुद्धा होता. पण त्यामागचा चेहरा गोल, हसरा होता, आणि असलं हसू सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो "ह्या नव्हेत" म्हणणार, तोच खिशातला फोन वाजला. बायको.

"अहो, कशी आहे आई?"

"मजेत!" चष्मेवाल्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं. "एकदम मजेत."

"द्या बरं तिला."

"आत्ता? आत्ता त्या पक्षी बघतायत."

"पक्षी काय पळून जातायत? द्या तिला."

बायको अर्ध्या पाळीतून हे ऐकून धावत सुटली तर? आणि समजा तोवर सासूबाई सापडल्याच, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. त्याने फोनवर हात ठेवला आणि म्हातारीपुढे अक्षरशः हात जोडले. "आजी, पाया पडतो. माझी बायको आहे. नुसतं 'बरी आहे' एवढंच म्हणा."

आजींनी फोन घेतला, कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय गं राणी? मी बरी आहे. तू कशी आहेस? जेवलीस का? नाही ना? आवाजावरूनच कळलं. अगं, किती करशील सगळ्यांचं? स्वतःकडे बघ जरा. मला काळजी वाटते तुझी. बोलून दाखवत नाही, एवढंच. गुणाची गं माझी पोर!"

चष्मेवाल्याने कपाळ धरलं. घाईघाईने फोन परत घेतला.

"हॅलो? वारा फार आहे इथे," तो म्हणाला. "आवाज बदलतो वाऱ्याने."

"मी येतेय तिकडे," बायको म्हणाली आणि फोन कट झाला.

"चला, छान झालं," रखवालदार म्हणाला.

"छान काय? ह्या माझ्या सासूबाई नव्हेत!"

रखवालदाराने त्याला खालून वर न्याहाळलं. "मग फोनवर आत्ता कोण बोललं? मला काही हा प्रकार सरळ दिसत नाही."

त्याच वेळी पुलाच्या टोकाकडून एक घामाघूम माणूस धावत आला. "आई! अगं, कुठे होतीस? आणि हे कोण?"

"हा माझा जावई," आजी समाधानाने म्हणाल्या.

"आई, तुला मुलगीच नाहीये!"

"नाही ना," आजी म्हणाल्या. "म्हणून तर आज इतकं बरं वाटलं बोलून."

त्या माणसाची समजूत घालण्यात चष्मेवाल्याची बोबडी वळली. त्याने सगळं सांगितलं, उलटसुलट सांगितलं, सासूबाईंच्या चष्म्याचा नंबरसुद्धा सांगितला. शेवटी आजींनीच मुलाला गप्प केलं. "बिचाऱ्याची सासू हरवलीय. काठी टेकत एक बाई त्या टोकाच्या लपणात जाताना बघितल्या मी. मीही येऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, बोलणार नसाल तर या. म्हणून गेले नाही."

"त्याच!" चष्मेवाला ओरडला. उरलेसुरले बगळेही उडाले.

"पळा मग," रखवालदार म्हणाला. "तिकडची वाट सखल आहे. भरती लागलीय. थोड्या वेळात ती वाट बंद करतो आम्ही."

चष्मेवाला पळत सुटला. चिखल आता दिसत नव्हता. पाणी कुठूनही येताना दिसत नव्हतं आणि तरी सगळीकडे आलं होतं. खेकडे केव्हाच बिळांत गेले होते. वाटेच्या शेवटी लपण होतं, पक्षी-प्राणी बघायला बांधलेली लाकडी खोली. तिच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी होत्या. त्याने धाडकन दार लोटलं.

आतल्या अंधारात बाकावर सगळे हिरवे कोट पाठमोरे बसलेले. त्यातला एक वळला.

"श्श! बसा."

त्या स्वराने इतक्या वर्षांत किती वर्ग गप्प झाले असतील कोण जाणे. चष्मेवाला बसला. सासूबाईंनी फटीकडे बोट केलं. समोरच्या काठावर पाणमांजराची मादी होती आणि तिची दोन पिल्लं. एक पिल्लू पाण्यात उतरायला तयार नव्हतं. आईने त्याचं मानगूट धरलं आणि त्याला सरळ पाण्यात नेऊन बुचकळलं. पिल्लू चिरकलं. तिने पुन्हा बुचकळलं.

"बरोबर," सासूबाई पुटपुटल्या. "शिकवताना लाड नाहीत."

चष्मेवाल्याने खालच्या आवाजात सगळं ओकून टाकलं. रखवालदार, आजी, फोन, आणि बायको निघाल्याचंसुद्धा.

"म्हणजे मी तिच्याशी बोलले," सासूबाई म्हणाल्या. "काय बोलले मी?"

त्याने चाचरत एकेक वाक्य सांगितलं. 'बोलून दाखवत नाही, एवढंच' या वाक्याला सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. बाहेर पिल्लू काठावर आलं होतं आणि तीच मादी त्याला चाटून चाटून कोरडं करत होती. सासूबाई ते बराच वेळ बघत राहिल्या. रखवालदाराने दारावर टकटक केलं तेव्हा कुठे उठल्या.

परतताना फळ्यांखाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. चष्मेवाला त्यांचा हात धरून, तोंडातून अवाक्षर न काढता चालत होता. बायको उद्यानाच्या दारातच उभी होती, दवाखान्याच्या गणवेशात. तिने आईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दीर्घ श्वास सोडला.

"आई, फोनवर किती छान बोललीस आज! मला वाटलं, स्वप्नच बघतेय."

चष्मेवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बोलले ना एकदा? मग पुन्हा कशाला ते?"

"नीट ऐकू नाही आलं गं. वारा होता."

सासूबाई घुटमळल्या. वर्गात फळ्यापुढे उभं केलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी हात वर केला, लेकीच्या गालाला लावला न लावला आणि भराभर म्हणाल्या, "वाळलीयस. वेळेवर जेवत जा. काळजी वाटते मला. गुणाची आहेस." आणि मागे न बघता गाडीकडे चालू लागल्या.

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. "बघ," तो हसून बायकोला म्हणाला, "शब्दन् शब्द तोच."

बायको डोळे पुसत होती. "आईने मला जन्मात कधी राणी म्हटलेलं नाही. पहिल्या शब्दालाच कळलं मला, ही आई नव्हे. तशीच टॅक्सी धरली. वाटेत काय काय देव आठवले, माझं मला ठाऊक."

"मग आत्ता हे..."

"आई धडधाकट दिसली. म्हटलं, आलेच आहे तर तिच्या तोंडून एकदा म्हणवून घ्यावं." गणवेशाला पदर नव्हता, तिने बाहीनेच डोळे कोरडे केले आणि ती नवऱ्याकडे वळली. आता ती थेट मुख्याध्यापिकांची मुलगी दिसत होती. "आणि तुमच्याशी मी घरी गेल्यावर बोलते."