विसळणं गाळणं

"नवीन वाळूत धूळ असते, साहेब," फिल्टरवाला फोनवर खरखरत होता. "आधी उलट धुणं. पाणी खालून वर जाईल, घाण नाल्यात जाईल. काचेत पाणी स्वच्छ दिसलं की पंप बंद करायचा. मग विसळणं... गाळणं. बास!" आणि फोन मेला.

जावईबुवा फिल्टरच्या टाकीवरची दांडी धरून उभे होते. एरवी ते घरात नुसते नवरा असत; पण आज सासूबाई यायच्या होत्या, त्यामुळे सकाळपासून त्यांची मान जावयासारखी ताठ झाली होती. शेजारी बायको जीव मुठीत धरून उभी. तिची आई न्हाणीघरात पडल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आई एकटी राहायची, फोन वेळेवर उचलायची नाही, आणि "आमच्याकडे राहायला ये" म्हटलं की "बघू" म्हणायची. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं आणि लेकीने तेच धरून ठेवलं. मागच्या अंगणातला हिरवा पडलेला पोहण्याचा हौद तिने रिकामा करवला, घासला, भरला आणि नवा फिल्टर बसवला. (जावईबुवा त्याला स्विमिंग पूल म्हणत. एकटेच.) आज आईने निळंशार पाणी बघायचं आणि "राहते" म्हणायचं, असा एकूण बेत होता.

"काय म्हणाला तो?"

"उलट धुवायचं. आणि विसळणं गाळायचं."

"गाळायचं? म्हणजे विसळायचंच नाही?"

"नवाकोरा फिल्टर आहे. विसळायला त्याने काय खरकटं खाल्लंय? गाळलं!"

पंप सुरू झाला. टाकीच्या पोटात काहीतरी जड कूस बदलल्यासारखं हललं. काचेच्या डबीतून दुधासारखं पाणी धावलं, हळूहळू निवळलं. जावईबुवांनी पंप बंद केला, विसळण्याची खूण ऐटीत ओलांडली, दांडी थेट पुढच्या खुणेवर टेकवली आणि पुन्हा बटण दाबलं.

हौदाच्या भिंतीतल्या भोकांतून पांढरं काहीतरी बाहेर आलं. त्याला घाई नव्हती. ते तळाशी गेलं, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आलं, आणि मग मधोमध उठून उभं राहिलं. अंगणात वाऱ्याचा पत्ता नव्हता. भर दुपारची वेळ, पण शेजारचा कुत्रा भुंकता भुंकता गप्प झाला.

"अहो, ते इकडे येतंय."

"वाळूतली धूळ आहे ती."

"धुळीला खांदे नसतात."

खांदे होते. जावईबुवांनाही दिसले होते, पण ताठ मानेने असल्या गोष्टी कबूल करता येत नाहीत. "परत उलट धुतो, सगळं निघून जाईल," असं म्हणून त्यांनी दांडी मागे फिरवली. आता तिकडे वाळू धुतली जात होती आणि इकडे हौदातलं पाणी बेलाशक नाल्यात चाललं होतं. दोघांचे डोळे त्या पांढऱ्या खांद्यांवर, त्यामुळे पाणी उतरतंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. भिंतीतलं पाणी ओढणारं तोंड उघडं पडलं आणि त्यातून घशात अडकल्यासारखा आवाज आला.

"येऽऽऽ..."

"ऐकलंत? कोणीतरी 'ये' म्हणालं!"

"पाइपात हवा शिरलीय."

"हवा 'ये' कशाला म्हणेल?"

जावईबुवांनी झटकन पंप बंद केला. सगळं शांत झालं. मग बंद पंपातून, अगदी जवळून, पुन्हा एकदा आवाज आला. या वेळी तो जरा समजावणीचा वाटला.

बायको दोन पावलं मागे सरली. जावईबुवांना मागे सरण्याची सोय नव्हती. ते काठावर ओणवे झाले, त्या तोंडात डोकावले, आणि ओल्या फरशीवरून त्यांचा गुडघा सटकला. फार आवाजसुद्धा झाला नाही. पांढऱ्या पाण्याने त्यांना आत घेतलं आणि वरून मिटून गेलं.

खाली काही दिसत नव्हतं. कशाने तरी त्यांचा घोटा धरला, मग हलकेच सोडला. पाइप असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि हातपाय मारत पायऱ्या गाठल्या. डोक्यापासून नखापर्यंत पांढरेफटक, ते एकेक पायरी चढत वर आले, तेव्हा समोर हातात पिशवी घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

संपलं सगळं, लेकीला वाटलं. आता आई आल्या पावली परत जाणार, पुन्हा त्या न्हाणीघरात एकटी पडणार, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "सावकाश या, जावईबापू. पायरी निसरडी दिसतेय," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "अगं, बघत काय उभी राहिलीस? टॉवेल आण. दोन आण."

"दोन कशाला?"

"मग? यांच्या मागचे गृहस्थ काय ओलेच राहणार?"

जावईबुवांनी मागे वळून पाहिलं नाही. मात्र ताठ मान आपोआप खाली गेली. लेकीने पाहिलं आणि लगेच डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी खुर्ची ओढली, काठाशी ऐसपैस बसल्या, पाण्याकडे बघून ओळखीचं हसल्या. "आता खरं सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं सकाळी कामाला जाणार, अंधार पडल्यावर उगवणार. दिवसभर मी भिंतींशी बोलायचं का? तुमचं मन मोडवत नव्हतं, म्हणून नुसतं बघू बघू करत होते. पण इथे सोबत आहे हे तुम्ही आधी बोलला कसे नाहीत?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "राहते मी."

किती दिवस लेक या एका शब्दाची वाट बघत होती. तिने नवऱ्याचा ओला, थंडगार हात घट्ट धरला, मग तो नक्की नवऱ्याचाच आहे ना, याची खात्री करून घेतली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "त्यापेक्षा आम्हीच तुझ्याकडे राहायला आलो तर?"

"शू!" आई कुजबुजली. "हळू बोल. त्यांना वाईट वाटेल."