वरपक्षाचा मेंढा

असिलबेकच्या अंगणात बुरान घोडा येऊन महिना होत आला, पण एकही माणूस आपली घोडी फळवायला घेऊन फाटकाशी फिरकला नव्हता. घोडा मोठ्या अश्वशाळेतून आणलेला, शर्यतीच्या घराण्यातला, कागदोपत्री सात पिढ्यांचा खानदानी. असिलबेक रोज सकाळी त्याला खरारा करायचा, स्वतः ठेवणीतली पांढरी लोकरी टोपी चढवायचा आणि मुलीला बघायला पाहुणे येणार असल्यासारखा बाहेर बाकावर बसून राहायचा. लोक यायचे, नाही असं नाही. घोड्याचे बारीक पाय बघायचे, हा स्वतः डोंगर चढतो की आपण उचलून न्यायचा असं विचारायचे, आणि दोन-दोन वाट्या चहा ढोसून निघून जायचे.

खरी मेख वेगळीच होती. त्या खोऱ्यात घोड्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तुर्दुबायचा. त्याने आपली तांबडी घोडी बुरानला दाखवली असती, तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव रांगेत उभं राहिलं असतं. आणि तुर्दुबाय काही असिलबेकच्या दारात येणार नव्हता. एकदा आला होता, तेवढं त्याला आयुष्यभर पुरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी असिलबेकची जिबेक तुर्दुबायच्या थोरल्याबरोबर पळून गेली. त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. निम्म्या गावाची लग्नं तशीच झालेली. पोरांनी पळायचं, मुलाकडच्यांनी मेंढा घेऊन मुलीच्या बापाचा राग शांत करायला यायचं, बापाने घटकाभर रुसायचं, मग मेंढा कापून सगळ्यांनी जेवायला बसायचं. तुर्दुबाय रीतीप्रमाणे आला, भर गारठ्यात, मेंढ्याला दोरीने धरून. पण जिबेक एकुलती एक, आणि जाताना बापाला एक शब्द बोलली नाही, हे असिलबेकच्या काळजाला लागलं होतं. तो घटकाभर रुसायच्या ऐवजी जरा जास्तच रुसला. फाटक असं आपटलं की कडीच निखळून पडली. तुर्दुबाय दिवस मावळेपर्यंत बाहेर उभा राहिला आणि मेंढा घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी असिलबेक खिडकीत बसून होता. तो परत येईल, आला की लगेच उघडायचं, असं त्याने ठरवलं होतं. तुर्दुबाय आला नाही. मुलीच्या बापाने आपण होऊन जायची रीत नाही, आणि मुलाचा बाप म्हणे मी एकदा येऊन गेलो. या दोघांच्या ताठ्यात नात जन्मली, चालायला लागली, आणि हा आजोबा तिच्याबद्दल बाजारात कानावर पडेल तेवढंच जाणून होता. कानिशाय, त्याची बायको, त्यावरून त्याच्याशी भांडून थकली आणि शेवटी गप्प झाली. ते जास्तच वाईट होतं.

कडी त्याने बसवली नाही. फाटक दोरीने बांधायचा. ती गाठ त्यांच्या घराण्यातली होती. कुणी ओढली की आणखी आवळायची, नेमक्या टोकाला झटका दिला की अलगद सुटायची. बापाने त्याला शिकवली, त्याने जिबेकला शिकवली. कानिशायला मात्र एवढ्या वर्षांत जमली नाही. तिला बाहेर जायचं तर नवऱ्याला हाक मारावी लागे.

एका सकाळी असिलबेक खरारा घेऊन गेला, तर तबेला रिकामा. फाटक सताड उघडं, आणि दोरी खुंटीवर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली.

"तुम्ही रात्री बांधलीच नसेल," कानिशाय म्हणाली.

"मी? मी बांधली नाही?"

"परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होता, ते तुम्हीच ना?"

असिलबेकने कपाळ चाचपून बघितलं आणि बाहेर पडला. तो नदीकाठ पालथा घालून आला, टेकडीवर चढून हाका मारून घसा बसवून घेतला. दुपारी ओस्मोन आजा, गावातला सगळ्यात वयस्कर माणूस, आपल्या तट्टावरून डुलत डुलत आला. हसू दाढीत मावत नव्हतं.

"असिलबेक, तुझं चार पायांचं पोरगं तुर्दुबायची तांबडी पोरगी घेऊन पळालं होतं," तो म्हणाला. "पहाटे तिच्याबरोबर नदीकाठी भटकत होतं. आता तिच्याच घरी घरजावई होऊन बसलंय. दोघं खुशीत आहेत."

असिलबेक मटकन बाकावर बसला. हवा होता तो योग जुळून आला होता, पण नको त्या दारात. त्याने ओस्मोनलाच घोडा आणायला पाठवलं. ओस्मोन रिकाम्या हाताने आणि भरल्या पोटाने परत आला. तुर्दुबायचा निरोप असा होता की, घोडा सुखरूप आहे, पण आमची लेक न विचारता नेली, तेव्हा मुलाकडच्यांना रीत माहीत असेलच.

"मुलाकडचे?" असिलबेक म्हणाला. "मुलाकडचे ते आहेत."

"जिबेकच्या वेळी होते. आता घोडा तुझा, म्हणजे मुलाकडचा तू," ओस्मोन म्हणाला. "मेंढा न्यावा लागेल."

असिलबेकने साफ सांगितलं की मेला तरी जाणार नाही. पण तुर्दुबायची तांबडी बुरानबरोबर बघितली आणि गावाला एकदम बुरानच्या पायांत सौंदर्य दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या घोड्या घेऊन निघाले ते थेट तुर्दुबायकडे. असिलबेकच्या दारावरून गेले, वर त्याला हात करून गेले. घोडा ह्याचा, नाव ह्याचं, आणि पाहुण्यांना घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पाजतोय तुर्दुबाय. कानिशायने मेंढ्यांतला सगळ्यात धष्टपुष्ट मेंढा धुऊन अंगणात आणून बांधला आणि कणकेचे फुगीर बोर्सोक तळायला घेतले. वास सगळ्या घरात पसरला. तिचा हा बेत जिबेकच्या वाढदिवसाला असायचा.

तिसऱ्या प्रहरी वरात निघाली. पुढे तट्टावर ओस्मोन, मागे बोर्सोकचं गाठोडं घेऊन कानिशाय, आणि शेवटी मेंढ्याला ओढत, खरं तर मेंढाच ज्याला ओढत होता, असा असिलबेक.

तुर्दुबायचं फाटक बंद होतं.

"कोण आहे?" आतून तुर्दुबायचा आवाज आला.

असिलबेकने टोपी सारखी केली. "मुलाकडचे."

"थांबा."

ते थांबले. मेंढ्याने कुंपणाजवळचं गवत संपवलं. ओस्मोनला तट्टावरच डुलकी लागली. ऊन छान होतं, वाराही नव्हता, तरी असिलबेकचे पाय भरून आले, आणि बंद फाटकाकडे बघता बघता त्याला त्या संध्याकाळची थंडी आठवली. आपण शेगडीजवळ बसून होतो. हा माणूस बाहेर असाच उभा होता. त्याला मनापासून लाज वाटली.

तो फाटकाच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "तुर्दुबाय, त्या दिवशी फार गारठा होता."

आतली पावलं फाटकाजवळ आली. मग तुर्दुबाय म्हणाला, "मेंढ्याला आठवडाभर खोकला होता."

आणि फाटक उघडलं.

पुढचं सगळं एकदमच झालं. कानिशाय लेकीच्या गळ्यात पडली ती सोडेना. ओस्मोनने जागा होत घाईघाईने आशीर्वाद देऊन टाकला. कुणीतरी नात असिलबेकच्या हातात दिली. तिने आधी त्याच्याकडे संशयाने बघितलं, मग त्याची पांढरी टोपी ओढून घेतली. त्याचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो पोरीला घेऊन खांबाला बांधलेल्या बुरानशी जाऊन उभा राहिला.

तिथे त्याची नजर दोरीवर गेली. खांबाला गाठ होती ती त्याची स्वतःची, त्याच्या बापाची गाठ. त्याला खुंटीवर व्यवस्थित गुंडाळलेली फाटकाची दोरी आठवली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. घोडा पळून आला नव्हता. घोडा पळवून आणला होता. म्हणजे अन्याय झाला तो त्याच्यावर. मेंढा आणायला हवा होता तो तुर्दुबायने. मेंढा अजून जिवंत होता. असिलबेक एक शब्द बोलला असता, तर त्याला तो मिशीला पीळ देत घरी परत नेता आला असता.

जिबेक कुमिसची वाटी घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"बाबा, आता गप्प बसा."

"मी काही बोललो का?" असिलबेक म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पहाटे घरापर्यंत आलीस, तर आत का नाही आलीस?"

"खिडकीशी आले होते. तुम्ही घोरत होता. जरा वेळ ऐकलं आणि गेले."

त्याने वाटी एका दमात रिकामी केली. आतून तुर्दुबाय विचारत होता, वरपक्षाची हरकत नसेल तर मेंढा कापायला घ्यायचा का? असिलबेकने मेंढ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"घ्या," तो म्हणाला. "चूक आमच्याच पोराची आहे."

"आणि ती कडी आता बसव बाबा एकदाची," ओस्मोन ओरडला. "नाहीतर रोज पळेल."

"बसवतो की, बघू सवडीने," असिलबेक म्हणाला, आणि नातीला घेऊन खांबापाशी खाली बसला. "गाठीचं हे टोक नीट बघून ठेव," तो तिच्या कानात म्हणाला.

तिने टोक तोंडात घातलं. तिच्या आईनेही गाठ शिकताना पहिल्या दिवशी हेच केलं होतं.