फाटकापासून पार्किंगपर्यंतचा यमन

माणसाची अभिरुची त्याच्या गाडीचं दार उघडल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कळते. संगीतशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत हे सूत्र सापडत नाही, पण त्यात ग्रंथकारांचा दोष नाही. त्यांच्याकडे विजेवर चालणारी गाडी नव्हती.

पेट्रोलच्या गाडीत माणसाची अब्रू सुरक्षित होती. किल्ली फिरवली की इंजीन आधी खाकरायचं, मग थरथरायचं, आणि या गोंधळात आत काय वाजतंय हे शेजाऱ्याला कळायच्या आत गाडी फाटकाबाहेर गेलेली असायची. विजेच्या गाडीला आवाजच नाही. दार उघडलं की पडदा उजळतो, आणि काल गाडी बंद करताना जे गाणं लावलेलं होतं तेच गाणं, पहिल्यापासून, कालच्याच आवाजात सुरू होतं. कंपनी याला सोय म्हणते. माहितीपुस्तिकेत या सोयीला दीड पान दिलं आहे (एअरबॅगला एक).

बेसा भागातल्या 'संस्कृती हाइट्स' या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि एकोणीस विजेच्या गाड्या आहेत. त्यांतल्या सतरा गाड्या रोज सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान यमन रागाने उघडतात. एक गाडी भजनाने उघडते आणि एक बातम्यांनी, कारण तिचे मालक वकील आहेत. म्हणजे एका तासात इथे यमन सतरा वेळा सुरू होतो आणि एकदाही संपत नाही. (यमन हा संध्याकाळचा राग आहे हे सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आलं असतं, पण संध्याकाळी तो बरोबरच असतो.)

या सतरांपैकी एक गाडी प्रशिक नागदेवे यांची. प्रशिक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होता आणि मागच्या अशोक विजयादशमीला त्याने गाडी घेतली होती. स्वभावाने सरळ, बोलायला गोड, आणि संगीताच्या बाबतीत अगदी निष्ठावंत माणूस. त्याला जीव तोडून आवडणारं गाणं एकच होतं: 'तर्री टाक वं पोरी, अजून थोडी तर्री.' पोह्यांवर तर्री, म्हणजे झणझणीत लाल रस्सा, ओतून देणाऱ्या ठेल्यावर घडणारी ही प्रेमकथा तीन कडव्यांची आहे. प्रत्येक कडव्यानंतर ताटलीवर चमचा वाजतो, नायक आणखी तर्री मागतो, नायिका वाढते, आणि कथा पुढे सरकते. सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसातून घरी येईपर्यंत हे गाणं सरासरी सात वेळा होत असे. मागच्या सीटवर त्याची अकरा वर्षांची मुलगी उन्नती असली तर नऊ वेळा.

आई इंदोऱ्याहून राहायला आली की मात्र गाडीत भीमगीतं लागत, आणि तीही पूर्ण. आईसमोर अर्धवट काही चालत नसे.

आता प्रश्न असा येतो की तर्री ऐकणाऱ्याच्या गाडीतून यमन कसा निघतो. याचं उत्तर सोसायटीच्या फाटकाअलीकडच्या स्पीड ब्रेकरवर आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात तिथे चार-पाच गाड्या एकामागे एक उभ्या असतात आणि आत चालक पडद्यावर बोटं फिरवत असतात. दिवसभराचं जे काही ऐकणं असेल ते तिथे उतरवायचं, यमन चढवायचा, आणि मग आत शिरायचं. गाड्या थांबतातच म्हटल्यावर गोपिकाबाईंनी तिथेच भाजीचा ठेला लावला. त्यांना रागांमधलं काही कळत नाही, पण रहदारीतलं कळतं.

"साहेब, तुमचं लागलं का? मागचे खोळंबून राहिले," असं त्या काचेवर टकटक करून सांगत.

फाटकापासून पार्किंगपर्यंतचं अंतर एकशे दहा मीटर आहे आणि आवारात वेगमर्यादा ताशी दहा किलोमीटर. हिशेब केला तर यमनच्या वाट्याला बरोबर चाळीस सेकंद येतात. सकाळी बाहेर पडताना पुन्हा तेच पहिले चाळीस. एवढ्यात गवई सा लावतो, खोकतो, आणि निषादावरून कुठेतरी जायला निघतो. तो पुढे कुठे गेला हे संस्कृती हाइट्सला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, गाणं बंदच करून उतरावं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलने हा प्रयोग करून पाहिला. तीन दिवस त्याची गाडी गुपचूप आली आणि गुपचूप गेली. चौथ्या दिवशी सोसायटीचे सचिव रुपराव ढोबळे त्याच्या घरी गेले आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी बसून, चहा घेऊन, दोनदा विचारलं. पाचव्या दिवशी सुशीलने यमन लावला.

हे सगळं ज्यांच्यासाठी चालत असे ते भैय्याजी खापरे तिसऱ्या मजल्यावर राहत. एका शाळेत एकतीस वर्षं संगीत शिक्षक होते. प्रार्थना, स्वागतगीत आणि निरोपगीत या तिन्ही प्रकारांवर त्यांची हुकमत होती. निवृत्तीनंतर ते घरी गाण्याचा क्लास घेत. जागा पाच. प्रवेशासाठी आवाजापेक्षा घरचे संस्कार पाहत, आणि संस्कार पाहायला त्यांना कोणाच्या घरी जावं लागत नसे. सकाळी नऊला ते चहाचा कप घेऊन गॅलरीत बसत. खाली दारं उघडत, गाड्या वाजत, भैय्याजींची मान हलत असे. ती कोणत्या गाडीला किती हलली याची चर्चा लिफ्टमध्ये होई. त्यांची स्वतःची छोटी विजेची गाडी होती. दर शनिवारी ते काचा लावून एकटेच सावनेरला बहिणीकडे जात, आणि ती गाडीही यमननेच उघडे.

उन्नतीला या क्लासात जायचं होतं. हट्ट नव्हता, ध्यास होता. पोरगी कुकरच्या शिट्टीत सूर लावायची, मिक्सरबरोबर तान घ्यायची, आणि झोपेतही गुणगुणायची. प्रशिकला लहानपणी गाणं शिकायचं होतं, ते राहून गेलं. आपल्यापायी पोरीचंही राहू नये, एवढंच त्याला वाटे, आणि ते इतकं वाटे की स्पीड ब्रेकरवर यमन लागल्याची तो दोनदा खात्री करून घेई. प्रवेश चाचणी रविवारी होती.

गुरुवारी घात झाला. स्पीड ब्रेकरवर प्रशिकने बोट उचललं तेवढ्यात मोनालीचा फोन आला. फोन आला की गाडी गाणं थांबवते.

"सांबार आणला का?" बायकोने गाडीच्या सहाही स्पीकरांतून विचारलं.

त्याने गोपिकाबाईंकडून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेतला. मग मोनालीने जुडी केवढी आहे ते विचारलं. मग हिरवा आहे की पिवळा पडून राहिला, ते विचारलं. बोलता बोलता तो फाटकातून आत आला, पार्किंगमध्ये पोहोचला, गाडी बंद केली, उतरला आणि वर गेला. सांबार उत्तम निघाला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रशिकने गाडीचं दार उघडलं. वर गॅलरीत भैय्याजींनी कप ओठाला लावला होता. आवाजाची पातळी चाळीसपैकी अठ्ठावीस होती.

'तर्री टाक वं पोरी,' गाडी म्हणाली.

इथे या गाडीची दुसरी सोय सांगणं आवश्यक आहे. दार उघडताच आवाज सुरू होतो, पण पडदा बोटाचं ऐकायला लागेपर्यंत अकरा सेकंद जातात. या अकरा सेकंदांत प्रशिकने पडद्यावर सत्तावीस वेळा बोट मारलं. त्यामुळे गाडी थंड हवा सोडू लागली, मागची काच खाली आली आणि आवाज एकतीसवर गेला. मागच्या सीटवर उन्नती सवयीने गात होती. फाटकावर वॉचमन गोविंदाने पायाने ठेका धरला होता. चमचा वाजला. प्रशिकने वर पाहिलं तेव्हा गॅलरी रिकामी होती आणि कठड्यावर भरलेला कप तसाच राहिला होता. 

संध्याकाळी सूचनाफलकावर पत्रक लागलं. रुपराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्याने ते पाण्यासारखं वाहतं लिहीत.

'विषय: वाहनातील संगीत व तत्सम आवाजांबाबत. १) असे निदर्शनास आले आहे की काही सभासदांच्या वाहनांतून खाद्यपदार्थविषयक गीते वाजत आहेत. २) सदर गीतांना संस्थेचा आक्षेप नसून ती फाटकाबाहेर ऐकण्यास सभासद मुखत्यार आहेत. ३) आवारात अभिजात संगीतच वाजवावे, ते ऐकलेच पाहिजे असे बंधन नाही. ४) नाव घेण्याची संस्थेची पद्धत नाही. (फ्लॅट क्र. २०४ यांनी विशेष नोंद घ्यावी.)'

प्रशिक २०४ मध्ये राहत होता. जिन्यातच रुपराव भेटले.

"काय वाजून राहिलं होतं गा सकाळी?"

"रेडिओ लागला होता काका. आपोआप."

"आपोआप तर्री?" रुपरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "माया नातू अश्विनही रविवारी बसून राहिला चाचणीले. पाचच जागा आहेत, म्हणून म्हटलं."

 घरी मोनाली भाजी परतता परतता म्हणाली, "म्या सांबार बोलावला नसता तर बरं झालं असतं."

"तुई काय चूक वं. मीच बहाद्दर."

"सर पोरीले नाही म्हणतीन काहो?"

 आत उन्नती यमनचे चाळीस सेकंद घोटत बसली होती, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी थांबत होती.

रविवारी अकरा वाजता भैय्याजींच्या हॉलमध्ये नऊ मुलं, सोळा पालक आणि चिवड्याच्या स्टीलच्या ताटल्या जमल्या. भैय्याजी पेटीमागे बसले होते. त्यांनी प्रशिककडे पाहिलं नाही. पहिला मुलगा आला, यमन गायला, चाळीस सेकंदांनी थांबला. "बस, छान," भैय्याजी म्हणाले. दुसरी मुलगी आली, तिनेही यमनच घेतला आणि ती त्याच सुरावर थांबली. "बस, छान." गवई ज्या जागी खोकतो त्या जागी आठही मुलं खोकली. रुपरावांच्या अश्विनने शेवटी पीं पीं पीं असा एक आवाज काढला. गाडी मागे घेतानाचा तो इशारा बंदिशीतलाच आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. भैय्याजींनी त्यालाही "छान" म्हटलं.

नववी उन्नती. तिने चाळीस सेकंद इतके सुरेल लावले की पालकांमधली कुजबुज थांबली. "बस, छा..." भैय्याजी म्हणू लागले.

"सर, याच्या पुढं काय असते?" उन्नतीने विचारलं.

 सोळा पालकांनी मान खाली घातली. हा प्रश्न मोठी माणसं एकमेकांना विचारत नाहीत.

"पुढं विस्तार असते," भैय्याजी म्हणाले आणि पाणी प्यायले. मग पुन्हा प्यायले. "दुसरं काही येते का तुले, पूर्ण?"

मोनालीने प्रशिकचा हात घट्ट धरला. पोरीला पूर्ण येणारी गोष्ट कोणती, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रशिक उठून 'नाही' म्हणणार होता, पण उन्नतीने समोरची ताटली रिकामी करून चमचा उचलला होता.

'तर्री टाक वं पोरी.' पहिलं कडवं, दुसरं कडवं, तिसरं कडवं. एकही ओळ सुटली नाही, एकही हरकत चुकली नाही. प्रशिक जमिनीकडे बघत बसला. त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी छाती भरून आली होती. दोन्ही एकदम सांभाळायची त्याला सवय नव्हती. गाणं संपलं. भैय्याजींचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात पेटीच्या झाकणावर अजून ठेका देत होता.

"पोरी," डोळे न उघडता ते म्हणाले, "तिसऱ्या कडव्यानंतर चमचा तीनदा वाजते. तू दोनदाच वाजवला."

मग त्यांनी डोळे उघडले.

 सोळाही पालकांनी मनातल्या मनात तिसरं कडवं म्हणून पाहिलं आणि चमचे मोजले. तीनच होते. रुपरावांच्या ओठांची हालचाल तर अश्विनला दिसलीसुद्धा. प्रशिकला बेसा ते सावनेर हा रस्ता आठवला, दर शनिवारचा, काचा लावून.

"पोरगी हाये बाकी गुणी," भैय्याजी घसा खाकरून म्हणाले, आणि त्यांनी रजिस्टर ओढलं.

उन्नतीला पहिला क्रमांक मिळाला. रजिस्टरात नोंद आहे: 'कु. उन्नती नागदेवे. राग यमन. स्वर पक्का. घरचे संस्कार उत्तम.' तिथे हजर असलेल्या सगळ्यांनी ही नोंद बरोबर असल्याचं सांगितलं. सोमवारी सकाळी सतरा गाड्या यमनने उघडल्या, आणि गॅलरीतली मान प्रशिकच्या गाडीला जरा जास्त हलली. क्लासही नियमित चालू आहे. मास्तर आणि शिष्या मिळून शोधत शोधत एक मिनिट दहा सेकंदांपर्यंत पोहोचले आहेत, आणि पुढे फार छान आहे, असं उन्नतीने घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून प्रशिक अधूनमधून पार्किंगमध्ये गाडी लावल्यावरही आत बसून राहतो. अजून खोकल्याच्या फार पुढे गेलेला नाही.

वाचकांना इथे संस्कृती हाइट्सचं हसू आलं असेल तर येऊ द्यावं. तुमच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, बरोबर पाहुण्याच्या नजरेच्या उंचीवर एक जाडजूड, मान्यवर पुस्तक आहे. त्यातली खूणचिठ्ठी तीन वर्षांपासून अकराव्या पानावर आहे. आणि ही तर्रीची गोष्ट मात्र तुम्ही एका बैठकीत शेवटपर्यंत वाचलीत. असो. बेल वाजली तर हे खाली सरकवा आणि ते वर ठेवा.