सगुणाबाईंचा पट्टा

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो, त्रिविक्रमा. मी बांधून घ्यायची नाही!"

चामराजपेटेतल्या भर रस्त्यात, जुन्या ऑस्टिनच्या पुढच्या सीटवर बसून सगुणाबाईंनी जाहीर केलं. त्यांचा मुलगा त्रिविक्रम कारखान्याच्या कामाला स्वीडनला गेला होता. येताना आईसाठी लोकर आणली असती तर काय बिघडलं असतं? पण त्यानं आणला सीटचा पट्टा, आणि रविवारभर घाम गाळून तो आईच्या जागेवर बसवला. आज होसकोट्याला त्याच्या बहिणीच्या, वसुमतीच्या बाळाचं बारसं होतं. आजी पोचल्याशिवाय बाळ पाळण्यात जाणार नव्हतं.

"पट्टा नाही, तर गाडी हलणार नाही," त्रिविक्रम म्हणाला.

"नाही हलली तर नाही. मीही हलत नाही."

हट्ट या घरात वारशानं येतो. मायलेक शेजारी शेजारी बसून समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मागे सून प्रतिमा वसुमतीला द्यायची बारशाची इरकली साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिला पट्टा हवा का, हे कुणी विचारलं नव्हतं. तिला मोटारीबाहेरही फारसं कुणी विचारत नसे.

एवढ्यात शेजारच्या नंजम्मा फाटकाशी आल्या. काय झालं, असं त्यांनी कानडीत विचारलं.

"अत्तेगे पट्टा कट्तिदारे," प्रतिमा खिडकीतून म्हणाली. सासूबाईंना पट्टा बांधतायत, एवढंच तिला सांगायचं होतं. पण घाईत 'पट्टा' हा शब्द तिनं घरचा मराठी वापरला, आणि कानडीत पट्ट बांधणं म्हणजे राज्याभिषेक करणं.

नंजम्मांना यात काहीच नवल वाटलं नाही. त्या घरात राज्य कुणाचं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्या आरतीचं ताट घेऊन आल्या, मागोमाग आणखी चौघीजणी आल्या. सगुणाबाईंना कुंकू लागलं, गळ्यात मोगऱ्याचा हार पडला.

"पट्ट? मला?" सगुणाबाईंनी पदर सावरला. "सरी, बरं तर! मग आधी सांगायला काय झालं होतं रे?" आणि त्यांनी आपल्या हातानं खटकन पट्टा लावला.

त्रिविक्रमनं सुटकेचा निःश्वास टाकून किल्लीला हात घातला.

"थांब. तुझा कुठाय?"

"एकच मिळाला, अम्मा. तो तुला लावला. चल, उशीर होतोय."

सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दाखवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"पट्टा नाही, तर गाडी हलणार नाही," त्या कडाडल्या. "प्रतिमा, ती साडी आण इकडे."

"अत्ते, ती बारशाची..."

"आण म्हणते ना!"

साडी त्रिविक्रमच्या छातीवरून गेली, सीटमागून फिरली. एक टोक सगुणाबाईंनी ओढलं, दुसरं नंजम्मांनी.

"अम्मा, श्वास कोंडतोय!"

"स्वल्प सोस."

बाळ वेळेवर पाळण्यात गेलं. मग वसुमतीनं साडी उलगडली आणि तिचं तोंड उतरलं.

"अम्मा, नवी साडी ना ही? एवढी चुरगळली कशी?"

"चुरगळणारच," सगुणाबाई म्हणाल्या. "तुझ्या अण्णाचा पट्टाभिषेक झालाय तिच्यात."