अठ्ठ्याऐंशी अंश

सुदाम तायडे माणसं नावानं ओळखत नसे, अंशानं ओळखत असे. शेलूबाजारला मी त्याच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, त्या दिवशी ट्रंक खाली ठेवून मी त्याला नमस्कार केला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, मानेकडे पाहिलं. "जरा डावीकडं वळवा बरं," म्हणाला. मी वळवली. "बावन्न," असं म्हणून तो आत निघून गेला. पुढची तीन वर्षं मी त्याच्या लेखी बावन्न होतो.

धडधाकट माणसाची मान ऐंशीपर्यंत वळते, हे त्यानं मला आठवड्यानं सांगितलं, तेही मीच विचारलं म्हणून. तेव्हापासून माझी मान दुखू लागली.

सुदाम अमेरिकेतल्या एका विद्यापीठात डॉक्टरकी करत होता. सुया टोचणारी डॉक्टरकी नव्हे. लुळं पडलेलं अंग व्यायामानं, मालिशनं पुन्हा कामाला लावायचं एक शास्त्र असतं, फिजिओथेरपी, त्यातली सगळ्यात वरची पदवी. तिकडेही ती नवीनच निघाली होती. आमच्याकडे कोणी नावही ऐकलं नव्हतं. बाजारातल्या एका हमालाचा हा मुलगा शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत मुंबईला गेला आणि तिथून विमानात बसला. दोन वर्षांनी बापाला लकवा मारल्याची तार गेली, तेव्हा महिन्याच्या रजेवर परत आला. आल्यावर प्रबंधाचा विषयच बदलून घेतला, लकव्यानं गेलेला खांदा. रोगी इथेच, काम इथेच, लिहून झालं की निघायचं. तो महिना बहात्तरच्या दुष्काळात सुरू झाला होता. मी राहायला गेलो तोवर दुष्काळ संपून दोनदा ज्वारी निघाली होती, पण सुदामचा महिना काही संपला नव्हता.

त्याला डॉक्टरकी मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना उगाच आशेवर ठेवणं मला आवडत नाही.

त्याचं हत्यार म्हणजे शाळकरी पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि खिळ्यानं जोडलेल्या दोन लाकडी फूटपट्ट्या. एक पट्टी दंडावर, एक बरगडीवर, मध्ये कोनमापक. अमेरिकेहून आणलेलं खरं पोलादी माप त्याच्या ट्रंकेत होतं, मी पाहिलं आहे. ते का वापरत नाही, असं विचारलं तर म्हणाला, "लोखंड गार लागते." एवढंच. हा माणूस स्वतः थंडीत गार पाण्यानं आंघोळ करायचा, त्याला लोखंड गार लागतं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही.

ती पट्टी घेऊन तो आसपासच्या खेड्यांतून हिंडायचा. लकवा झालेले चाळीसेक रोगी त्यानं वहीत घेतले होते. कोणी म्हातारी म्हणायची, "आता लय बरं हाये बापा, दहा आने बरं हाये." तो म्हणायचा, "आन्यात नोको सांगू माय, अंशात सांग." कोणी दुखण्याचं पाल्हाळ लावलं की त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "किती दुखते थे सांगू नोका, किती हालते थे सांगा." माणूस रडत असला तरी तो आधी माप घ्यायचा आणि मग पाणी द्यायचा.

आणि आकडा म्हणजे आकडा. सरपंचाच्या पुतण्याला हात निकामी असल्याचा दाखला हवा होता, कसल्याशा नोकरीसाठी. सरपंच स्वतः आले. सुदामनं पुतण्याचा हात मापला आणि दाखल्यावर लिहिलं, "एकशे अठ्ठ्याहत्तर." सरपंच म्हणाले, "याचा मतलब काय?" सुदाम म्हणाला, "मतलब हा, का याले पोतं उचलता येते." त्यानंतर सरपंचांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. सुदामला ते महिन्याभरानं लक्षात आलं, कारण तो सरपंचांच्या गुडघ्याकडे पाहत असे आणि गुडघे पूर्वीसारखेच होते.

नातेवाइकांनी एकदा त्याचं लग्न जमवायचं मनावर घेतलं. धनजला मुलगी पाहायला गेलो. जीपमध्ये जागा होती म्हणून मलाही नेलं. पोहे झाले, सुदामच्या मावशीनं मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. मग कोणीतरी सुदामला म्हणालं, "तुमाले काही विचाराचं असन तर विचारा." सुदाम म्हणाला, "दोन्ही हात वर करून दाखवा."  मुलगी धीट होती, तिनं पदर सावरून दोन्ही हात सरळ वर केले. सुदामचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "एकशे ऐंशी," तो म्हणाला, "दोन्हीकडं पूर्ण." मुलीचा मामा तिथेच उठला. परतताना जीपमध्ये मावशी पदर तोंडाला लावून रडत होती आणि सुदाम खिडकीबाहेर पाहत दोनदा म्हणाला, "काय खांदा होता." मला वाटतं, त्याच्या भाषेत ते प्रेमच होतं. पुढे त्याच्यासाठी कोणी मुलगी पाहिली नाही.

घरात ते दोघंच, सुदाम आणि त्याचा बाप किसनजी. आई केव्हाच गेलेली. किसनजींनी बाजारात चाळीस वर्षं उजव्या खांद्यावर पोती वाहिली आणि गेला तो नेमका उजवा हात. सकाळी तेल, दुपारी व्यायाम आणि दिवेलागणीच्या आधी माप, हा नेम तीन वर्षांत एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. माप आत व्हायचं, दार लोटून, कारण मापताना अंगात सदरा नको असायचा. मग सुदाम ओट्यावर येऊन आकडा सांगायचा. बाजारातून परतणारे हमाल त्या वेळेला मुद्दाम थांबत. "आज किती?" विचारत. कापसाच्या भावाला विचारतात तसं. त्या वेळी सुदामचा आवाज वेगळाच असायचा. एरवी पुटपुटणारा हा माणूस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचा, "त्र्याहत्तर!" आणि हमाल माना डोलवायचे, जणू त्यांच्याच खांद्यावरचं थोडं उतरलं.

किसनजींनी जाहीर करून ठेवलं होतं, "नव्वद झाले का सुदाम जाईन अमेरिकेले. मंग म्या एकटा राहू शकतो." हे सगळ्या बाजाराला पाठ होतं. आकडा ऐंशीवर गेला तेव्हा हमालांनी पेढे वाटले. पंच्याऐंशी झाला. अठ्ठ्याऐंशी झाला, आणि तिथेच बसला. एक महिना अठ्ठ्याऐंशी, दोन महिने अठ्ठ्याऐंशी. हमाल थट्टा करू लागले, "बापा, थे दोन अंश कुठी अडकले?" सुदाम म्हणायचा, "खांद्याचं काम सावकाश राह्यते."

त्याच सुमारास त्यानं प्रबंध टाइप करायला माझ्याकडे आणला. मी एका कापसाच्या जिनात कारकून होतो आणि जिनात इंग्रजी टाइपरायटर होता. मला इंग्रजी अक्षरं येत होती, इंग्रजी येत नव्हतं. टाइप करायला एवढं पुरतं. सवयीनं दोन ठिकाणी मी रोग्यांच्या संख्येपुढे 'गाठी' लिहून गेलो, ते त्यानं हसत खोडलं. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटी तक्ते आले. रोगी क्रमांक एक, पुरुष, हमाल, उजवा खांदा. हे कोण, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं. आकडे सुरुवातीला चढत गेले होते, दहा, अठरा, तीस, एकेचाळीस. मग उतरायला लागले. अडतीस. तेहतीस. शेवटच्या ओळीत चोवीस.

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. अठ्ठ्याऐंशी तर मी रोज माझ्या कानांनी ऐकत होतो. सुदाम थकलेला असतो, लिहिताना चुकला असेल. जिनात आकडा चुकला तर मालक सात पिढ्यांचा उद्धार करायचे, त्यामुळे चूक दिसली की हातासरशी दुरुस्त करायची मला सवय होती. मी सगळी ओळ दुरुस्त केली. ओट्यावर ऐकलेले आठवतील तेवढे आकडे घातले आणि शेवटी ठसठशीत अठ्ठ्याऐंशी. त्याचं काम वाचवलं म्हणून मनातून खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी तो ते पान घेऊन आला आणि स्टुलावर बसला. "हे पान पुन्हा करा," म्हणाला. "जसं लिवलं तसं."

"पण बाहेर तुम्हीच सांगता ना, अठ्ठ्याऐंशी?"

"बाहेरचं बाहेर. हे विद्यापीठात जाते. तिथं खोटं चालत नाही."

"मग इथं चालतं?"

त्यानं खिशातून पट्टी काढली, माझ्या मानेला लावली. "सत्तेचाळीस," म्हणाला. "टाइपिंग कमी करा." आणि गेला. मी ते पान पुन्हा टाइप केलं. चोवीस हा आकडा मारताना मला माझ्या हुशारीची लाज वाटली. एका आकड्यासाठी सरपंचाशी वैर घेणारा हा माणूस रोज संध्याकाळी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं चौसष्ट अंशांचं खोटं बोलत होता.

प्रबंध बांधून झाला त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं. महिनाअखेर प्रबंधासह स्वतः हजर राहून तोंडी परीक्षा द्यावी, नाहीतर नाव कमी होईल. यापुढे मुदतवाढ नाही. मुंबईहून विमान गाठायचं तर शुक्रवारी निघायलाच हवं होतं. सुदामनं पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि तेल गरम करायला गेला.

गुरुवारी दुपारी तो एका रोग्याकडे गेला असताना किसनजींनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेलो. ते खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"बाबू, तुमी टाइप केलं म्हंते. माहा किती लिवला त्यानं?"

मी म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी."

 "तुमीबी का, बाबू?" ते म्हणाले. "हातच्या कांकनाले आरसा कायले? चाळीस वर्सं म्या या खांद्यावर पोतं घेतलं. खांद्याच्या सरळ हात आला का नाही आला, मले समजत नाही का?"

"मग त्याला सांगत का नाही?"

"काय बोलू? दिवसभर थो माह्या हाताशी झटते. सांजच्याले बाहीर जाऊन आकडा सांगते तवा त्याचा आवाज कसा फुलते, तुमी ऐकता ना? त्याले म्हनू का, का बापा, तू खोटा हायेस?" त्यांनी मांडीवरचा हात डाव्या हातानं जरा सरकवला. "पन आता त्याले जाऊ द्या लागते. माह्यासाठी त्याचं शिक्षन कुजून राह्यलं. आज तुमी सांजच्याले या. मले साक्षीदार पाह्यजे."

मी गेलो. नको ते पाहायला माणूस का जातो, कोणास ठाऊक. त्या दिवशी किसनजींनी दार लोटू दिलं नाही. ओट्यावर चार-पाच हमाल होते. सुदामनं नेहमीसारखी फूटपट्टी हाताच्या तळव्यावर घासून ऊबदार केली, मग बापाच्या बरगडीवर टेकवली. तेव्हा मला ते 'लोखंड गार लागते' उमगलं.

"उचला बा," तो हळूच म्हणाला.

किसनजींनी उचलला. हात वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. मग म्हाताऱ्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून ते वर ओढलं. पोतं उचलताना उचलायचे तसं. गळ्याच्या शिरा तटतटल्या. हात खांद्याच्या रेषेत आला. अगदी सरळ. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"घे," ते म्हणाले. "माप आता."

प्रबंधाच्या पहिल्या पानावरचा नियम मीच टाइप केला होता आणि त्याचा अर्थ सुदामलाच विचारला होता, हात आपल्या बळावर उचललेला पाहिजे, आधार चालणार नाही. सुदामला तो माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. तरी त्यानं पट्टी लावली, कोनमापक बसवला, खाली वाकून पाहिलं. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिलं. माझी मान तेवढी वळत होती. काटकोन होता. त्यात शंकेला जागा नव्हती.

म्हाताऱ्यानं मनगटावरची पकड आणखी घट्ट केली. "सांग ना लेका," ते म्हणाले. "सांग आन जाय. इकडं माहं पाहाले हे सारे हायेत."

सुदाम त्या आकड्याकडे पाहत राहिला. मी त्याला तीन वर्षं पाहत होतो. त्याला माणसाच्या तोंडाकडे पाहायचं नसे, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यानं मान वर केली आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"एकोणनव्वद," तो म्हणाला.

"सुदाम, बरोबर पाह्य."

"एकोणनव्वद हाये, बा. उद्या पाहू." त्यानं बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, सावकाश खाली आणला आणि मांडीवर नीट ठेवला. किसनजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बांधलेला प्रबंध कोनाड्यात तसाच होता. शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता आणि येऊन गेलाही.

त्या संध्याकाळी, आतलं बोलणं ऐकू न आल्यानं, ओट्यावरून एका हमालानं विचारलं, "आज किती, डॉक्टर?" सुदाम उठून दारात गेला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्यानं आकडा सांगितला. हमाल खूश झाले. कित्येक महिन्यांनी एक अंश वाढला होता.